आई शाळेत येऊ लागली ते वर्ष

नववीत असताना मी वर्गातल्या एका मुलीला कंपासपेटी फेकून मारली. पत्र्याची पेटी होती. तिचा कोपरा मुलीच्या उजव्या भुवईवर बसला आणि रक्त थेट पोलक्यावर ओघळलं. ती बाजारपेठेतल्या कापडदुकानदाराची मुलगी आणि मी मासे विकणारणीची. सगळा वर्ग तिच्याभोवती जमला. मला मात्र त्या क्षणी जराही वाईट वाटलं नाही. हात हलका झाल्यासारखा वाटला.

ती काही फार भयंकर बोलली नव्हती. "तुजी आये त्या दिसा बाजारात एकटीच हसत होती," एवढंच म्हणाली. आणि ते खरं होतं. म्हणूनच मला ते सोसलं नाही.

आईचं तसं होऊन तेव्हा तीन-चार महिने झाले होते. चतुर्थीच्या आधी तिला मुलगा झाला होता. अकरा दिवसांचा होऊन तो गेला. बाबा गलबतावर खलाशी होते. मालवणच्या बंदरातून कौलं, लाकूड, काथ्या भरून गलबतं मुंबईपर्यंत जायची. मूल गेल्यावर बाबा काही दिवस थांबले, मग मालकाचा निरोप आला तसे निघून गेले. जाताना मला म्हणाले, "आयेक बघ हां." मी हो म्हटलं. आईला बघायचं म्हणजे काय करायचं, हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही.

आधी ती नुसती उंबऱ्यावर बसून असायची. केसांना तेल नाही, कपाळाला कुंकू नाही. मग एके दिवशी बाजारात तिने टोपलीतले सगळे बांगडे मांजरांना घातले आणि हसत बसली. शेजारच्या बायकांनी तिला धरून घरी आणलं. त्यानंतर ती बाजारात गेली नाही. दुपारी उठायची आणि किनाऱ्याने चालू लागायची, कुठेतरी जायचं ठरलेलं असल्यासारखी. मी मागून धावायची. हाताला धरून वळवली की मुकाट्याने परत यायची, पण हात सोडला की पुन्हा पाय त्याच दिशेला.

देवळात कौल लावून झाला, अंगारा लावून झाला. सुरुवातीला शेजारणी पेज आणून द्यायच्या, बसायच्या. पुढे त्याही कंटाळल्या. त्यांचंही पोट होतंच. एक म्हातारी मात्र रोज येऊन तेच सांगायची, "हिका रत्नागिरीक धाडूक व्हया." रत्नागिरीला वेड्यांचं इस्पितळ होतं. आमच्याकडे ते नाव मुलांना भीती घालायला वापरत. ती असं म्हणाली की मी तिला अंगणातून हाकलून द्यायची. चौदा वर्षांची पोर म्हातारीला हाकलते, म्हणून लोक मला नावं ठेवायचे.

तर अशी मी. कंपासपेटीनंतर हेडमास्तरांनी बोलावलं आणि सांगितलं, "पालकांना घेऊन ये. त्याशिवाय वर्गात बसायचं नाही." बाबा समुद्रात, आई तशी. मी दप्तर उचललं आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी गेले नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. आईला सांभाळायला आता सबंध दिवस मिळाला, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला शाळेचाच राग आला होता. सगळ्यांचाच आला होता. आईचासुद्धा.

दहा-बारा दिवसांनी गणिताच्या बाई आमच्या घरी आल्या.

त्या देशावरच्या. आमच्याकडे येऊन त्यांना दोनच वर्षं झाली होती. तिशीच्या असतील. लग्न झालेलं नव्हतं, खोली भाड्याने घेऊन एकट्या राहायच्या, आणि त्यावरून लोक बोलायचे तेही त्यांना माहीत होतं. आमचं घर किनाऱ्यालगत. वाळूत चालायची सवय नसल्याने त्या चपला हातात धरून आल्या. मी दारातच उभी राहिले, आत या म्हणाले नाही.

आई मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसली होती. तेच सूपभर तांदूळ ती सकाळपासून निवडत होती. बाई माझ्या बाजूने आत गेल्या, पदर खोचला आणि तिच्यासमोर बसून त्याच सुपातले तांदूळ निवडू लागल्या. बराच वेळ दोघींची बोटं एकाच सुपात फिरत राहिली.

मग बाई म्हणाल्या, "यात खडे दिसत नाहीत हो."

"आसत," आई म्हणाली. "बघूक व्हये."

बाई वाकून बघत राहिल्या. आणि खरंच त्यांना एक सापडला, तांदळाच्याच रंगाचा, बारीक. त्यांनी तो तळहातावर घेऊन आईला दाखवला. आईने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. किती तरी दिवसांत तिने कोणाच्या तोंडाकडे असं बघितलं नव्हतं.

"तू कोणाची गो?" तिने विचारलं.

"मी शाळेतली. तुमच्या मुलीची बाई."

"चेडू शाळेत जाता?"

"जात होती," बाई म्हणाल्या.

अंगणात आल्यावर त्यांनी मला विचारलं, "का येत नाहीस?"

"हेडमास्तरांनी पालक आणायला सांगितलंय."

"मग आण."

मी रागाने त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, या माझी थट्टा करताहेत.

"आई आहे ना आत?" त्या म्हणाल्या. "ती पालक नाही तर कोण? उद्या तिला घेऊन ये."

"आणि मग? मी वर्गात बसले की तिला कोण बघणार?"

"तेही उद्याच बघू," असं म्हणून त्या वाळूतून परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी आईला नेसवलं, केस विंचरले आणि हाताला धरून शाळेत नेलं. शाळा टेकाडावर. चढण चढताना ती दोनदा खाली बसली. हेडमास्तरांच्या खोलीत तिला खुर्ची दिली. हेडमास्तर माझ्या वागण्याबद्दल तिला सांगू लागले, पण ती भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक बघत होती. तो इकडे गेला की हिची नजर इकडे, तिकडे गेला की तिकडे. हेडमास्तर मध्येच थांबले. ते कडक होते, पण निर्दय नव्हते. त्यांनी मला एवढंच सांगितलं, "त्या मुलीची माफी माग आणि वर्गात बस."

तेव्हा बाई म्हणाल्या, "सर, आई व्हरांड्यात बसेल. नववीच्या वर्गाबाहेर. म्हणजे हिला आतून दिसेल."

"बाई, ही शाळा आहे. धर्मशाळा नाही."

"व्हरांड्यात शिपाई बसतो. पोस्टमन येऊन बसतो. पावसात तर गुरं येऊन बसतात, सर."

हेडमास्तरांनी दारातून व्हरांड्याकडे बघितलं. मग म्हणाले, "एक आठवडा. मुलांना त्रास झाला तर बंद." त्या आठवड्याचा हिशेब पुढे कोणी विचारला नाही.

मी माफी मागितली, पण नीट नाही, भिंतीकडे बघून. कापडदुकानदाराच्या मुलीच्या भुवईवर पट्टी होती. तीही भिंतीकडे बघूनच "बरं" म्हणाली.

पहिला दिवस मी जन्मात विसरणार नाही. आई व्हरांड्यात खांबाला टेकून बसली. मधूनमधून स्वतःशी पुटपुटायची, एकदा मोठ्याने हसली. शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीतून डोकावली. आमच्या वर्गातही मागून कोणीतरी फिस्‌ केलं. फळ्यावर काय चाललंय ते मला दिसेना. आता उठावं, आईला घ्यावं आणि पुन्हा कधी या टेकाडावर चढू नये, असं माझं ठरत आलं होतं.

तेवढ्यात माझ्या बाकावरची मुलगी उठली. आम्ही शेवटच्या बाकावर बसायचो. ती खाडीपलीकडची, रोज होडीने यायची. नववीत दोनदा नापास झालेली, आमच्यापेक्षा चांगली हातभर उंच. घरी सावत्र आई होती, आणि यंदा नापास झाली तर भाऊ तिचं लग्न लावून देणार होता. तिचा नाद मास्तर लोकांनी कधीच सोडून दिला होता.

"बाई, मी भायर जातंय," ती म्हणाली.

"कशाला?"

"तां गणित माका दोन वर्सां येत नाय. आज येवचा नाय."

वर्ग हसला, पण आता तिच्यावर. तिला त्याचं काही नव्हतं. ती बाहेर गेली, माझ्या आईशेजारी फतकल मारून बसली आणि ओच्यातून अबोलीची फुलं काढली. घरून येताना तोडून आणली असावीत. दोऱ्यात ती गुंफू लागली. मला वर्गातून तिची पाठ आणि आईचा अर्धा चेहरा दिसत होता. थोड्या वेळाने आईने हात पुढे केला, तिच्या हातातला दोरा ओढून घेतला आणि म्हणाली, अगदी स्पष्ट, वर्गभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "गाठ सैल मारतंस गो!"

बाई फळ्याकडे तोंड करून लिहीत होत्या. त्यांचा खडू थांबला. मग पुन्हा चालू झाला.

त्या दिवसानंतर मुली फुलं आणू लागल्या. कोणी सांगितलं नव्हतं. ज्याच्या परसात जे असेल ते: अबोली, शेवंती, पुढे सुरंगीचा बहर आला तेव्हा सुरंगी. आई केळीच्या सोपटाचा दोरा भिजवून घ्यायची आणि वळेसर, म्हणजे गजरे, करायची. तिचं बोलणं भरकटायचं, पण हात भरकटायचे नाहीत. संध्याकाळी अर्ध्या शाळेच्या वेण्यांत तिने केलेले वळेसर असायचे.

तिच्याजवळ कोणी बसायचं याचे नियम माझ्या बाकावरच्या मुलीने केले. गणित ज्याचं आधी सुटेल त्याने बाहेर जायचं. त्यामुळे नववीत गणितं सुटण्याचा वेग एकदम वाढला. बाईंनी पाच दिली तर दहा मागायच्या मुली. मी एकदा सगळ्यांच्या आधी सोडवून उठले, तर तिने मला हाताने खाली बसवलं.

"तू नाय. तुजी पाळी घराकडे."

"अगो, पण माझीच आई ना?"

"म्हणानच," ती म्हणाली. "हयसर तू शिक."

तिला स्वतःला मात्र बाहेर जायला मिळेना, कारण तिचं गणित कधीच आधी सुटत नसे. शेवटी ती माझ्याकडे आली. "माका शिकव. तुज्या आयेकडे बसूचा आसा." मग मधल्या सुट्टीत मी तिला शिकवू लागले, गणित आणि इंग्रजी दोन्ही. इतके दिवस मी फक्त राग धरून बसले होते. आता दुसऱ्या कोणाला काहीतरी समजावून द्यायचं काम माझ्याकडे आलं. तिला 'हॅव' आणि 'हॅज' यांतला फरक कळला तेव्हा मला जे वाटलं, ते माझ्या स्वतःच्या कुठल्या मार्कांनी वाटलं नव्हतं.

आई बरी झाली होती असं नाही. काही दिवस ती उठायलाच तयार नसायची. मग मीही शाळेत जायची नाही, आणि संध्याकाळी कोणी ना कोणी वही घेऊन घरी यायचं. पण किनाऱ्याने चालत जाणं थांबलं होतं. सकाळी मी दप्तर काढलं की ती स्वतः उठून उभी राहायची.

कापडदुकानदाराची मुलगी मात्र फुलं आणायची नाही आणि बाहेर बसायलाही जायची नाही. गणितात ती हुशार, सगळ्यात आधी तिचंच सुटायचं. पण सुटलं तरी ती मान खाली घालून बसून राहायची. मला वाटायचं, अजून डूख धरून आहे. मी तरी कुठे बोलत होते तिच्याशी!

होळीनंतर शाळेची तपासणी आली. बाहेरगावचे साहेब येणार म्हणून सगळीकडे सारवण, पताका, रांगोळी. त्या दिवशी सकाळी शिपायाने आईला व्हरांड्यातून उठवून मागे पाण्याच्या टाकीजवळ बसवलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. साहेब त्या व्हरांड्यातून जाणार होते, एवढंच. मला कोणी सांगितलं नाही. वर्गात साहेब प्रश्न विचारत होते, आम्ही सगळ्या ताठ बसलो होतो. साहेब दुसऱ्या वर्गात गेल्यावर मी खिडकीतून पाहिलं तर खांबाजवळ कोणी नाही. धावत टाकीजवळ गेले. तिथे अर्धा गुंफलेला वळेसर पडला होता, आई नव्हती.

मी ओरडले असणार. मला ते आठवत नाही. आठवतं ते हेडमास्तरांचं धोतर सावरत धावत येणं. काय झालं ते बाईंनी त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. साहेब अजून शाळेतच होते. हेडमास्तरांनी एकदा त्या वर्गाकडे बघितलं, आणि शिपायाला म्हणाले, "घंटा दे. शाळा सोड." मग मुलांकडे वळून, "मोठ्या मुलांनी बाजाराकडे, धक्क्याकडे जा. मुलींनी किनारा बघा. दोघादोघींनी जा, एकटं कोणी नाही."

सबंध शाळा टेकाडावरून खाली उतरली. मी आणि बाई आमच्या घरावरून पुढे वाळूने निघालो, कारण आई नेहमी तिकडेच जायची. ऊन कडक होतं. बाई चपला कुठे सोडून आल्या होत्या कोण जाणे, तापलेल्या वाळूतून अनवाणी धावत होत्या. मी रडत होते. मला दम लागला म्हणून एकदा थांबलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या मोठ्या भावाचं असंच झालं होतं. आम्ही त्याला मागच्या खोलीत कोंडून ठेवत होतो. सहा वर्षं. लोकांना कळू नये म्हणून. मी शाळेत जायची आणि घरी भाऊ आहे हे कोणाला सांगायची नाही." एवढंच बोलल्या आणि पुन्हा चालू लागल्या. भावाचं पुढे काय झालं, हे मी कधीच विचारलं नाही.

किनारा संपून खडकाळ खडप लागतं, तिथे ओहोटीला बायका कालवं काढायला जातात. आईही पूर्वी जायची. आता भरती लागली होती. आणि लांबूनच मला दिसलं: पाण्याने वेढलेल्या एका उंच खडकावर आई बसली होती, आणि तिच्याजवळ कमरेएवढ्या पाण्यात परकर भिजवून कोणीतरी मुलगी उभी होती, तिचा हात घट्ट धरून. जवळ गेल्यावर कळलं, ती कापडदुकानदाराची मुलगी. तिच्याबरोबर निघालेली मुलगी होडीवाल्यांना बोलवायला पळाली होती. ही जन्मात कधी घोट्याच्या वर पाण्यात उतरली नव्हती. लाट आली की तिचे ओठ पांढरे पडायचे, पण हात सुटत नव्हता.

"काकी येत नाहीत," ती मला म्हणाली, "म्हणून मी नुसतीच धरून ठेवलंय."

आई तिच्याकडे निरखून बघत होती. मग मोकळ्या हाताने तिने तिच्या भुवईवरच्या व्रणाला बोट लावलं.

"ह्या काय गो झाला?"

मी पाण्यात होते तिथेच थांबले. त्या मुलीने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे.

"पडलंय, काकी," ती म्हणाली. "घाटीवर पाय घसरलो."

"सांभाळून चलूक व्हया, बाये," आई म्हणाली. आणि तिला तेवढं सांगायचंच राहिलं होतं असं वाटून की काय, खडकावरून उतरली. आम्ही दोघींनी दोन बाजूंनी तिला धरलं. पाणी आमच्या छातीशी येत होतं. मधोमध आई, आणि बाई वाळूत गुडघ्यापर्यंत पाण्यात, दोन्ही हात पुढे करून. किनाऱ्याला लागल्यावर आम्ही चौघी तिथेच ओल्यात बसलो. कापडदुकानदाराची मुलगी तेव्हा पहिल्यांदा रडली, हुंदके देऊन. मी तिला मिठी मारली. यावेळी भिंत नव्हती बघायला.

"मी बाहेर बसायला का येत नव्हते माहीत आहे?" ती नाक पुसत म्हणाली. "माझ्यामुळेच तुझं शाळेत येणं बंद झालं होतं. मला वाटायचं तू मला हाकलशील."

"हाकललं असतं," मी म्हटलं. ते खरंच होतं. ती हसली, मग मीही हसले, आणि आमच्याकडे बघून आईही हसली. पण ते पूर्वीचं एकटीचं हसणं नव्हतं.

त्या संध्याकाळी बाई सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना घरी घेऊन आल्या. त्यांनी आईला तपासलं आणि आमच्या पडवीत बसून मला सांगितलं, मोठ्या माणसाला सांगावं तसं. म्हणाले, बाळंतपणानंतर काही बायकांना हा आजार होतो, वर मूल गेलेलं. हा आजारच आहे, करणी नाही, कोणाचा दोष नाही. यावर उपाय आहे, पण तो रत्नागिरीला.

ते नाव ऐकून मी उठले आणि आईजवळ जाऊन बसले. बाबा चैत्रात परत आले तेव्हा त्यांनाही तेच भय. "थंय धाडली की संपला," ते म्हणाले आणि डोक्याला हात लावून बसले. आमच्या वाडीतून तिकडे गेलेलं कोणी परत आलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. बाईंनी वाद घातला नाही. "सुट्टी लागली की मी तुमच्याबरोबर येते," म्हणाल्या. "आधी बघू. आवडलं नाही तर तिघंही परत येऊ." त्या "तिघंही" शब्दावर बाबा तयार झाले, असं मला वाटतं.

मे महिन्यात, आगबोटी बंद व्हायच्या आधी, ते निघाले. धक्क्यावर माझ्या दोन्ही मैत्रिणी माझ्या दोन बाजूंना उभ्या होत्या. आई बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात बसली. मला वाटलं ती आता ओरडेल, उतरेल. पण तिने बाईंचा हात धरला होता आणि ती शांत होती. पडाव बोटीकडे जाईपर्यंत मी बघत राहिले. घरी कुलूप लावलं होतं. मी बाईंच्या खोलीवर राहायला गेले, आणि त्या परत येईपर्यंत खाडीपलीकडची माझी मैत्रीण भावाशी भांडून माझ्या सोबतीला राहिली. नववीचा निकाल त्या दिवसांतच लागला. ती पास झाली. इंग्रजीत अगदी काठावर, पण गणितात माझ्याहून दोनच मार्क कमी. तिने प्रगतिपुस्तक तीनदा वाचलं, मग मला वाचायला लावलं, आणि मग म्हणाली, "भावाक आता वायंच थांबूचा लागतला."

बाबा पावसाळा रत्नागिरीलाच राहिले, बंदरावर मिळेल ते काम करत. दर पंधरा दिवसांनी कोणाकडून तरी लिहून घेतलेलं कार्ड यायचं. पहिल्या कार्डात होतं, "जेवते." दुसऱ्यात, "झोपते." नारळीपुनवेच्या सुमाराचं कार्ड मात्र मी आणि बाईंनी आळीपाळीने किती वेळा वाचलं असेल: "तुझी आठवण काढते. विचारते, शाळेत कोणाबरोबर जाते."

चतुर्थीच्या आधी चार दिवस ती एसटीने परत आली. अंग भरलं होतं, केस घट्ट बांधले होते. हातात गोळ्यांची पुडी. आधीसारखी झरझर नव्हती ती. बोलायला जरा वेळ लागायचा, काही गोष्टी विसरली होती. खडपावरचा दिवस तिला आठवत नव्हता. पण तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "किती वाळलंस गो! कोण जेवणा घाली तुका?" त्या रात्री मी वर्षभराची झोप एकदम काढली. दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तरी कोणी उठवलं नाही.

दिवाळीनंतर ती टोपली घेऊन बाजारात गेली. मला राहवेना. शाळा सुटल्यावर आम्ही तिघी मैत्रिणी मासळीबाजाराच्या कोपऱ्यावर उभ्या राहून लपून बघत होतो. एक गिऱ्हाईक सुरमईचा कल्ला उचकटून बघत नाक मुरडत होतं. आईने आधी ऐकून घेतलं, आणि मग जी सुरू झाली! त्या माणसाचं नाक, त्याची पारख, त्याचं घराणं, काही सोडलं नाही. आसपासच्या कोळणी टोपल्या सोडून ऐकत होत्या. ज्या बायकांनी तिला वर्षापूर्वी धरून घरी पोचवलं होतं, त्यांतली एक डोळ्यांना पदर लावून हसत होती. आम्ही तिघी एकमेकींना धरून इतक्या हसलो की मासळीवाल्यांनी आम्हाला हुसकावलं.

आम्ही अकरावी होईपर्यंत गोवा मोकळा झाला होता आणि बाबांच्या गलबताच्या फेऱ्या पणजीपर्यंत होऊ लागल्या होत्या. खाडीपलीकडच्या मैत्रिणीचं लग्न दहावीनंतर झालंच, दोडामार्गाकडे, काजूच्या बागेत. पण नवरा तिने स्वतः बघून, बोलून पसंत केला. तिची पत्रं "माय डिअर फ्रेंड" अशी सुरू व्हायची आणि पुढच्या ओळीपासून मालवणीत. कापडदुकानदाराची मुलगी आणि मी अकरावीला शेजारी बसलो आणि दोघी पास झालो. पुढे ती सावंतवाडीला शाळेत लागली, मी तालुक्याच्या कचेरीत कारकून झाले.

निकालाच्या आदल्या वर्षीच बाई त्यांच्या आईजवळ राहायला म्हणून देशावर परत गेल्या होत्या. मी त्यांना पास झाल्याचं कार्ड लिहायला बसले तेव्हा आई म्हणाली, "नुसता कार्ड काय धाडतंस? सोडे धाड." आणि तिने स्वतः सुकवलेल्या कोळंबीचा, सोड्यांचा, हा एवढा पुडा बांधून माझ्यापुढे ठेवला. बाई माशाचं नावही काढत नसत. त्यांच्या खोलीवर मी तीन-चार महिने वरण-भातावर काढले होते. पण आईचा उत्साह बघून मला सांगवेना. सोडे मी शेजारी वाटले आणि तेवढ्याच वजनाची आमसुलं पार्सल केली.

बाईंचं उत्तर आलं. लिहिलं होतं, आईंनी पाठवलेली भेट पोचली, घरात रोज वापरतो, सगळ्यांना आवडली. मी ते आईला वाचून दाखवलं. तिने पदराने हात पुसत ऐकलं आणि म्हणाली, "बघ. माका ठाव होता. पुढल्या म्हयन्यात आणखी धाड."

मी हो म्हटलं आणि आमसुलं कोणाकडे मिळतील ते बघायला बाहेर पडले.